घरच्या घरी फळे टिकवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या, रातांबे (कोकमाची फळे), करवंदे आणि फणस घरात एकदमच येतात, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की बघता बघता संपून जातात. हिवाळ्यात आवळा, पेरू आणि स्ट्रॉबेरी यांची हीच गत असते. या दिवसांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका फळाला लागू पडलेली रीत दुसऱ्या फळाला जशीच्या तशी लावल्यामुळे सर्वाधिक नासाडी होते, असा आमचा अनुभव आहे. त्यामुळे प्रत्येक उत्तरात फळाचा आंबटपणा आणि त्यातले पाणी या दोन गोष्टींकडे आम्ही वारंवार वळलो आहोत.

झाडावरून काढलेले फळ का नासते?

फळ तोडले तरी ते जिवंतच असते. त्याचे श्वसन चालू राहते, त्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडते, साल सुरकुतते, आतली विकरे (एन्झाइम) गराला मऊ आणि काळपट करत जातात, आणि जिथे साल फाटलेली किंवा चेपलेली असेल तिथून बुरशी आणि यीस्ट आत शिरतात. हे थांबवण्याचे मार्ग मोजकेच आहेत: फळ थंड ठेवणे, त्यातले पाणी काढून टाकणे, साखर किंवा मीठ घालून ते पाणी सूक्ष्मजीवांच्या उपयोगाचे राहणार नाही असे करणे, आंबटपणा वाढवणे, किंवा उष्णता देऊन डबा हवाबंद करणे. आमसूल, मोरावळा, फणसपोळी यांपैकी काहीही घेतले तरी यांतलेच दोन-तीन मार्ग एकत्र वापरलेले दिसतात.

कोणती फळे घरी आणल्यावर पिकतात आणि कोणती पिकत नाहीत?

आंबा, केळे, चिकू, पपई, पेरू, सीताफळ आणि फणस ही फळे तोडल्यानंतरही पिकतात, कारण ती स्वतःच इथिलीन हा वायू सोडतात आणि त्याच वायूने पुढे पिकत जातात. द्राक्षे, डाळिंब, संत्री, मोसंबी, लिंबू, अननस आणि स्ट्रॉबेरी ही मात्र तोडली त्या क्षणी जेवढी गोड होती तेवढीच राहतात. आंबट निघालेली द्राक्षे चार दिवस ठेवून गोड होत नाहीत, ती फक्त सुकतात. पिकलेली केळी पेरूच्या टोपलीत ठेवली तर पेरू लवकर पिकतात. घाई असेल तर हा उपाय आहे, नसेल तर ती चूक आहे.

हापूसची आढी घरी कशी लावावी? कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर चालतो का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ, कारण नुकसान तिथेच होते. कच्चा आंबा सुमारे १२ ते १३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात राहिला की त्याला थंडी बाधते: साल करडी पडते, बाहेर काढल्यावर फळ नीट पिकत नाही आणि चवही येत नाही. घरचा फ्रिज ४ ते ५ अंशांवर असतो. त्यामुळे आंबा पूर्ण पिकल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नये. पिकल्यावर ठेवला तर तीन-चार दिवस सहज निभावतात. केळ्याचेही तसेच आहे.

आढीसाठी कोरडा भाताचा पेंढा किंवा गवत अंथरून त्यावर आंबे एकमेकांना फार न चिकटवता एका थरात मांडावेत, वर पुन्हा पेंढा पसरावा, आणि रोज एकदा हात फिरवून पिकलेले बाजूला काढावेत. शहरात पेंढा मिळाला नाही तर कोरड्या वर्तमानपत्रावर पुठ्ठ्याच्या खोक्यात हेच करता येते. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र बाष्प कोंडते आणि देठाकडून काळे डाग पसरू लागतात. देठाचा चीक सालीवर ओघळलेला असेल तर तो आधी पुसून घ्यावा, कारण चिकाने साल भाजते. कडक हापूस साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, पण घरी त्याची गरजच पडत नाही. पेंढ्यात कोंडलेला, फळांनीच सोडलेला वायू पुरेसा होतो.

बाहेरून उत्तम दिसणारा हापूस कापल्यावर आत पांढरट, आंबूस आणि पोकळसर निघाला तर त्याला साका म्हणतात. हा दोष फळ झाडावर असतानाच धरतो, त्यामुळे आढी लावणाऱ्याने स्वतःला दोष देऊ नये. मात्र असा गर रसात मिसळू नये.

फळे धुऊन ठेवावीत की न धुता?

न धुता ठेवावीत आणि खाण्यापूर्वी धुवावीत. द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी यांच्या बाबतीत हा नियम मोडला तर दुसऱ्याच दिवशी बुरशी दिसते.

आमरस वर्षभर कसा टिकवावा?

आमच्या मते घरात आमरस टिकवण्याची सर्वांत भरवशाची जागा फ्रीजर ही आहे. पूर्ण पिकलेल्या, डाग नसलेल्या आंब्यांचा रस काढून तो गाळून घ्यावा, हवे असल्यास थोडी साखर घालावी (साखरेने रंग आणि वास अधिक काळ राहतो), आणि एका जेवणाला लागेल एवढाच रस प्रत्येक पिशवीत भरून, हवा काढून, पिशव्या आडव्या ठेवून गोठवाव्यात. आडव्या पिशव्या लवकर गोठतात, लवकर सुटतात आणि जागाही कमी घेतात. डब्यात भरायचा असेल तर वर दोन बोटे जागा सोडावी, कारण गोठताना रस फुगतो. उणे १८ अंशांवर ठेवलेला रस पुढच्या हंगामापर्यंत चांगला राहतो. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. त्यामुळे वीज जाऊन पूर्ण पातळ आणि कोमट झालेला रस पुन्हा गोठवू नये. तो अजून थंडगार असेल तर त्याच दिवशी खाऊन टाकावा.

कोकणातली जुनी रीत म्हणजे रस आटवणे. जाड बुडाच्या कढईत रसात साखर घालून तो मंद आचेवर सतत ढवळत, गोळा होऊ लागेपर्यंत आटवतात. हे काम वेळखाऊ आहे आणि अंगावर उडणाऱ्या रसाने हात भाजतात, हे आधीच सांगितलेले बरे.

साधा रस उकळून बाटलीत बंद करण्याविषयी आम्ही सावध आहोत. हवाबंद बाटलीत वाढून बोट्युलिझम हा घातक आजार निर्माण करणाऱ्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्याच्या तापमानाला मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची उष्णता लागते. मात्र पदार्थाचा पीएच ४.६ पेक्षा कमी, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर ते बीजाणू वाढू शकत नाहीत. कैरी, लिंबू, आवळा, कोकम, अननस ही फळे या रेषेच्या अलीकडे सुरक्षित बसतात. पूर्ण पिकलेला आंबा तिच्या जवळपास घोटाळतो, आणि पपई, केळे, चिकू, सीताफळ, पिकलेला फणस ही तिच्या पलीकडची फळे आहेत. कारखान्यात रसाचा पीएच मोजून सायट्रिक ॲसिड घालतात. घरात मोजण्याचे साधन नसेल तर गोड फळांचा गर बाटलीत न भरता फ्रीजरमध्येच ठेवावा.

परदेशात आंब्याच्या रसाचा डबा आणतो. उघडल्यावर तो किती दिवस टिकतो?

डबा उघडला की रस लगेच काचेच्या किंवा चांगल्या प्लास्टिकच्या भांड्यात काढावा, पत्र्यात ठेवू नये. फ्रिजमध्ये तो तीन-चार दिवस टिकतो. उरलेला वर सांगितल्याप्रमाणे छोट्या पिशव्यांतून गोठवावा. फुगलेला डबा चाखूनही बघू नये.

सीताफळाचा गर गरम केल्यावर कडू का होतो?

हा त्या फळाचा स्वभाव आहे. त्यामुळे सीताफळाचा जॅम करण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा फसतो. बिया न चुरडता गर काढावा (चुरडलेल्या बिया विषारी असतात), काळा पडू नये म्हणून लिंबाचे थेंब घालून लगेच गोठवावा, आणि बासुंदीत घालायचा तर बासुंदी पूर्ण थंड झाल्यावर घालावा.

साखरांब्याला बुरशी येते किंवा तळाशी साखर जमते. नेमके काय चुकते?

या दोन तक्रारी परस्परविरुद्ध आहेत. बुरशी आली किंवा फेस आला तर पाक कच्चा राहिला. तळाशी दाणे जमले तर पाक पुढे गेला.

साखर टिकवते ती गोडीमुळे नव्हे. ती पाणी बांधून ठेवते आणि सूक्ष्मजीवांना ते पाणी मिळत नाही. त्यासाठी तयार पदार्थात सुमारे दोन तृतीयांश भाग साखरच असावी लागते; बाजारातल्या जॅमसाठीही विरघळलेल्या घटकांचे प्रमाण किमान ६५ टक्के असावे लागते, त्यामागे हेच कारण आहे. १ किलो कैरीच्या किसाला १ ते १.५ किलो साखर हे घरोघरचे प्रमाण याच हिशेबात बसते. कीस किंवा मोरंब्याच्या फोडी आधी वाफवून मऊ कराव्यात आणि मगच साखर घालावी, कारण कच्च्या फोडी साखरेत पडल्या की पाणी सोडून आकसतात आणि चिवट होतात. पाक एकतारीच्या थोडा पुढे गेला की आच बंद करावी. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो, आणि नवखी माणसे नेमकी हेच विसरून पाक पुढे नेतात.

कैरी चांगली आंबट असेल तर साखर सहसा जमत नाही, कारण आम्लामुळे साखरेचा काही भाग अशा रूपात बदलतो की तो दाणे धरत नाही. अर्धकच्च्या, गोडसर कैरीचा मोरंबा करताना म्हणूनच थोडा लिंबाचा रस घालावा. आधीच दाणे धरलेले असतील तर बरणीतला पदार्थ कढईत काढून थोडे पाणी आणि लिंबाचा रस घालून पुन्हा एक कढ काढला की काम भागते.

जॅम झाला हे तापमानावरून कसे ओळखावे? पुस्तकातला १०५ अंशांचा आकडा पुण्यात जुळत नाही.

तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर ३०० मीटर उंचीमागे पाणी साधारण १ अंश आधी उकळते. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात सुमारे ९८ अंशांना, आणि सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात ९५-९६ अंशांना. जॅम होण्याचे तापमान म्हणजे त्या ठिकाणच्या उकळत्या पाण्याच्या वर ४ ते ५ अंश. त्यामुळे पुण्यात १०३ अंशांच्या आसपास थांबावे. महाबळेश्वरात १०५ अंशांची वाट पाहिली तर जॅमची चिक्की होईल. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमध्ये थंड केलेल्या बशीवर एक थेंब टाकावा आणि बोटाने ढकलावा. त्यावर सुरकुती आली की जॅम झाला.

स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅमला आळवणारा घटक, कमी असतो, म्हणून तिचा जॅम पातळ राहतो. लिंबाचा रस घालावा किंवा पेरूचा थोडा गर मिसळावा. पेरू, आवळा, कैरी, कवठ आणि लिंबूवर्गीय फळांच्या साली यांत पेक्टिन भरपूर असते. कवठाची जेली घरी करून पाहण्यासारखी आहे: रंग सुरेख येतो, आणि कवठ बाजारात पडून असते कारण त्याचे काय करावे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

साखर अर्धी केली किंवा तिच्याऐवजी गूळ वापरला तर?

अर्ध्या साखरेचा पदार्थ चवीला छान लागेल, पण तो टिकाऊ नाही. तो फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावा. गुळांबा उत्तम टिकतो, मात्र मधुमेहाच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत मानण्याइतका फरक नाही. ज्यांना गोड वर्ज्य आहे त्यांनी फळे गोठवावीत किंवा मिठात टिकवावीत.

आमसूल, आगळ आणि अमृत कोकम यांत फरक काय, आणि घरी काय करणे सोपे?

तिन्ही पदार्थ रातांब्याचेच आहेत. कोकणात आणि गोव्यात रातांबे पिकतात ते एप्रिल-मेमध्ये, आणि ऐन पिकल्यावर पाऊस येऊन उभा राहतो, त्यामुळे हे सगळे काम त्या थोड्या कडक उन्हाच्या दिवसांत उरकावे लागते.

आमसुलांसाठी रातांबे फोडून साली वेगळ्या करतात आणि उन्हात घालतात. बियांभोवतीच्या गरात मीठ घातले की आंबट रस सुटतो. त्या रसात साली बुडवून पुन्हा वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, असे पाच-सात वेळा करतात. याला पुटे देणे म्हणतात. प्रत्येक पुटाबरोबर सालीतले आम्ल आणि मीठ वाढते, पाणी कमी होते, आणि काळीकुट्ट, मऊ, वर्षानुवर्षे टिकणारी आमसुले तयार होतात. चकचकीत लाल आणि कडकडीत वाळलेली आमसुले पाहिली की पुटे कमी पडली आहेत असे खुशाल समजावे. आगळ म्हणजे हाच आंबट रस भरपूर मिठासह साठवलेला. सोलकढीला तो लागतो. बियाही वाया जात नाहीत, त्यांच्यापासून घट्ट कोकमतेल निघते आणि ते पायांच्या भेगांना लावतात.

शहरात राहणाऱ्याला सोपे पडते ते अमृत कोकम. ताज्या, धुऊन कोरड्या केलेल्या साली आणि वजनाने दुप्पट साखर यांचे थर काचेच्या बरणीत द्यावेत, बरणी आठवडाभर उन्हात ठेवावी, अधूनमधून हलवावी, साखर पूर्ण विरघळल्यावर गाळावे, आणि जिरेपूड व चिमूटभर मीठ घालावे. उष्णता लागतच नाही. रंग उजेडाने फिका पडतो, म्हणून तयार सरबत कपाटात ठेवावे. ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले पितळेचे भांडे कोकमाला कधीही वापरू नये.

सरबत टिकवण्यासाठी केएमएस आणि सोडियम बेंझोएट यांपैकी काय वापरावे?

केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, फिक्या रंगाच्या सरबतांना चांगले: लिंबू, कैरीचे पन्हे, अननस. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड रंग उडवतो, म्हणून कोकम, जांभूळ, करवंद, स्ट्रॉबेरी यांना सोडियम बेंझोएट घालतात. दोन्हींचे प्रमाण १ किलो सरबताला ०.६ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. चमच्याने अंदाज घेण्याजोगी ही मात्रा नाही. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर हे पदार्थ घरात न आणलेलेच बरे. पूड थोड्या पाण्यात विरघळवून सरबत थंड झाल्यावर घालावी, कारण गरम सरबतातून वायू उडून जातो. घरात कोणाला दमा असेल तर केएमएस वापरू नये. पुरेशा साखरेच्या मोरंब्याला यांतले काहीच लागत नाही.

आंबापोळी आणि फणसपोळी घालायची आहे, पण ऊन भरवशाचे नाही.

ताटाला तुपाचा हात लावून रसाचा पातळ थर पसरावा, तो वाळल्यावर त्यावर दुसरा, मग तिसरा, असे थर चढवावेत. एकाच वेळी जाड थर दिला तर वरून कातडी धरते आणि आत ओल राहून आंबते. पोळी बिघडण्याचे मुख्य कारण हेच. ताटावर पातळ फडके बांधावे आणि संध्याकाळी ताट घरात आणावे, कारण दवाने दिवसभराचे वाळवण फुकट जाते. ढगाळ हवेत ओव्हनमध्ये ६० ते ६५ अंशांवर, दार किंचित उघडे ठेवून हेच करता येते. फणसपोळीला बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा) फणस घ्यावा; काप्याचा (कडक गऱ्यांचा) रस निघत नाही, त्याचे तळलेले गरे करावेत. आठळ्या फेकू नयेत. लाल मातीत घोळवून वाळवून ठेवल्या तर त्या पावसाळ्यात भाजीला येतात.

द्राक्षांच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि त्यातून पाणी सुटत नाही. सांगली-तासगाव भागात बेदाणा करताना द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवून सावलीत जाळ्यांवर वाळवतात, ती हा थर मोडण्यासाठीच. घरी थोडीशी करायची तर द्राक्षे क्षणभर वाफवली तरी पुरते. ४ किलो द्राक्षांचा साधारण १ किलो बेदाणा होतो.

मोरावळ्यासाठी आवळे चुन्याच्या निवळीत का भिजवतात?

चुन्यातले कॅल्शियम आवळ्यातल्या पेक्टिनला घट्ट करते, त्यामुळे टोचलेला आवळा पाकात विरघळत नाही. भिजवल्यानंतर आवळे चार-पाच पाण्यांनी धुवावेत. पाक एकदम दाट करू नये. पहिल्या दिवशी पातळ, मग रोज थोडा आटवत जावा, म्हणजे तो फळाच्या गाभ्यापर्यंत शिरतो. शिजवताना काही क जीवनसत्त्व जातेच.

बरणी कोणती घ्यावी?

आंबट पदार्थाला काच किंवा चिनीमाती. काचेची बरणी थंड पाण्यात ठेवून पाण्यासकट तापवावी, दहा मिनिटे उकळावी आणि पालथी घालून पूर्ण वाळवावी. गरम जॅम गरम बरणीतच भरावा, नाहीतर काच तडकते. चिनीमातीच्या बरणीला झाकणावरून दादरा (फडके) बांधण्याची पद्धत आजही उपयोगी आहे. पदार्थ काढताना कोरडा चमचा वापरावा. ओल्या चमच्याने आजवर जेवढे मोरंबे घालवले, तेवढे चुकलेल्या पाकाने घालवले नसतील.

वर बुरशी आली तर तेवढी काढून खाली उरलेले खावे का?

पूर्वी तसे करत असत, आणि आजीने केले म्हणून कोणाला काही झाले नाही हेही आम्ही ऐकतो. पण डोळ्यांना दिसते ती बुरशीची वरची बाजू. तिचे धागे आणि काही बुरशींची विषे खालपर्यंत पोहोचलेली असतात, आणि ती पुन्हा उकळल्याने जातीलच असे नाही. जॅम, रस, सरबत यांना बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाकावी. झाकण फुगणे, उघडताना फस्सकन आवाज होणे, दारूसारखा वास येणे, पाकात बुडबुडे दिसणे यांपैकी काहीही आढळले तरी तेच करावे आणि चव घेऊन खात्री करण्याच्या मोहात पडू नये. प्रत्येक बरणीवर फळाचे नाव आणि भरल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे कपाटाच्या मागच्या बाजूला सापडलेली बरणी या वर्षीची की गेल्या वर्षीची, हा वाद उरत नाही.